कॉलेजात इंग्रजी निबंध आणि बातमी लिहायला शिकवताना : नव्या प्राध्यापकांसाठी

जून-जुलैत नेमणुकीचं पत्र हातात पडतं, बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरचं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सांगतात, "मॅडम, एस.वाय.चं रायटिंग तुम्ही घ्या." वर्गात ऐंशी मुलं. त्यातली साठ-पासष्ट मराठी माध्यमातून आलेली. हातात विद्यापीठाचा दोन पानी अभ्यासक्रम : निबंध, परिच्छेद, बातमी, प्रेस नोट, जाहिरात, संपादकाला पत्र. हे शिकवायचं कसं, ते त्यात कुठेच नसतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चौदा वर्षं हेच शिकवते आहे. सुरुवातीला कोणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते.

माझं म्हणणं एकच आहे. मुलांकडे सांगायला पुष्कळ असतं, पण आपण आधी इंग्रजी मागतो आणि मजकूर नंतर, म्हणून वहीत पाठ केलेली वाक्यं येतात. हा क्रम उलटा करा.

पहिला तास : नमुना घ्या

ओळख, अभ्यासक्रम, हजेरीचे नियम यांत पहिला तास घालवू नका. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि वीस मिनिटं लिहायला सांगा : "आज सकाळी घरातून निघाल्यापासून वर्गात येईपर्यंत काय काय पाहिलं?" इंग्रजीत लिहायचं. शब्द अडला तर मराठी शब्द देवनागरीत लिहून पुढे जायचं. मोबाइल दप्तरात. कागदावर तारीख घाला, मार्क देऊ नका.

हे कागद घरी नेऊन वाचा, पण तपासू नका, नुसते गठ्ठे करा. पूर्ण वाक्य लिहिता येणाऱ्यांचा एक. वाक्य मोडतं पण अर्थ कळतो, असा दुसरा. तीन ओळींवर थांबलेल्यांचा तिसरा. हा तिसरा गठ्ठा तुमच्या अंदाजापेक्षा मोठा निघेल. त्या मुलांना वर्गात कधीही मोठ्यानं वाचायला लावू नका, पण दर आठवड्याला त्यांच्या वहीत दोन ओळी तरी तुमच्या हाताच्या दिसल्या पाहिजेत. हे कागद जपून ठेवा. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ते ज्याचे त्याला परत देऊन त्यालाच दुरुस्त करायला सांगायचे आहेत.

आधी मजकूर, तोही मराठीत

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं शेतकऱ्यावर निबंध लिहून आणला होता. सुरुवात अशी : "इंडिया इज ॲन ॲग्रिकल्चरल कंट्री. फार्मर इज द बॅकबोन ऑफ अवर कंट्री." पुढची दीड पानंही त्याच वळणाची. व्याकरणाची चूक जवळजवळ नव्हती. मी वही मिटून तिला मराठीत विचारलं, "तुमचा कांदा यंदा कुठे दिला?"

"मार्केटला नेला, मॅडम. सकाळी सहाला नंबर लावला होता. व्यापारी जेवणानंतर आले. बाबा दोन वाजेपर्यंत ट्रॅक्टरवरच बसून होते, डोक्यावर टॉवेल घेऊन."

"भाव?"

"नऊ रुपये. माझ्या बाबांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत काही बोललेच नाहीत."

मी म्हटलं, हेच लिही. ती म्हणाली, "हे इंग्रजीत कसं लिहायचं? निबंधात असं चालतं का?" तिच्या दुसऱ्या प्रश्नात आपल्या शाळा-कॉलेजांतलं सगळं निबंधलेखन आलं. तिसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं ते असं होतं : "माय फादर सॅट ऑन द ट्रॅक्टर टिल टू ओ'क्लॉक. द ट्रेडर्स केम आफ्टर लंच. ही सोल्ड अवर अनियन्स ॲट नाइन रुपीज अ किलो. ही फोल्डेड द रिसीट अँड डिड नॉट स्पीक ऑन द वे होम." चार वाक्यं. एकही शब्द दहावीच्या पुढचा नाही. आधीचं दीड पान जे सांगू शकलं नव्हतं, ते या चार ओळींत आलं.

म्हणून माझ्या वर्गात पहिले तीन आठवडे असे जातात : पाहा, मराठीत शेजाऱ्याला सांगा, त्यातल्या पाच गोष्टी टिपा, मग त्या पाच गोष्टींची पाच इंग्रजी वाक्यं करा. वर्गात मराठी बोललं तर इंग्रजी बिघडेल, असं काही वरिष्ठ सांगतील. त्यांचा मान राखा, पण विचार करायला मुलांना त्यांची भाषा वापरू द्या. कागदावर उतरताना मात्र इंग्रजीच.

वाक्य : मराठी कुठे आडवी येते

इथे मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण नवे शिक्षक व्याकरणाचं अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि दिवाळीपर्यंत कर्मणी प्रयोगाच्या पुढे जात नाहीत. मुलांच्या चुका मोजक्याच असतात आणि त्यातल्या बहुतेक मराठीच्या सवयीतून येतात. मूळ दाखवलं की चूक लवकर सुटते.

काळाची चूक घ्या. "मी इथे तीन वर्षांपासून राहतो" हे मराठीत साधा वर्तमानकाळ वापरून बरोबर आहे. मुलगा त्याचं सरळ "आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स" करतो. हवं असतं "आय हॅव लिव्हड् हिअर फॉर थ्री इयर्स". फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि 'पासून' या एका शब्दाला इंग्रजीत दोन वाटा आहेत हे दाखवा : मुदत असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'.

'अ' आणि 'द' यांसाठी मराठीतलीच चाचणी वापरते. "एक बाई आली. त्या बाईच्या हातात पिशवी होती." पहिल्यांदा भेटते ती 'एक बाई', म्हणजे 'अ वुमन'. ओळख झाल्यावर 'ती बाई', म्हणजे 'द वुमन'. मराठीत जिथे 'तो, ती, ते' लावून पाहता येतं, तिथे बहुधा 'द' बसतो. सगळीकडे चालत नाही, सूर्याला आणि नद्यांच्या नावांना वेगळं सांगावं लागतं, पण निम्म्याहून अधिक चुका एवढ्यानं जातात.

आदरार्थी बहुवचन ही खास आपली अडचण. "मंत्री आले, ते म्हणाले" याचं "मिनिस्टर केम, दे सेड" होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं मंत्री चार होते. "म्हणून" आणि "कारण" दोन्ही जोडायची सवयही तशीच : "बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड". एक काढायचा. "डिस्कस अबाउट" हे 'विषयी चर्चा' यातून येतं, तिथे 'अबाउट' नको. देवनागरीत कॅपिटल अक्षर नसतंच, त्यामुळे वाक्य आणि विशेषनामं लहान अक्षरानं सुरू होतात. मुलं स्वतःही याला आपला निष्काळजीपणा समजतात. तुम्ही तसं समजू नका, सरावाचा भाग समजा.

आठवड्याला एकच चूक निवडा. त्या आठवड्यात वहीत तेवढीच शोधा, बाकीच्यांकडे पाहू नका.

परिच्छेद आणि निबंध

परिच्छेदावर फार वेळ घालवू नका. एका परिच्छेदात एकच गोष्ट, आणि ती पहिल्या दोन वाक्यांत कळली पाहिजे, एवढं पुरे. मुलांना तो वाचून बाजूला एका ओळीत मराठीत लिहायला सांगा : "इथे काय सांगितलं?" एका ओळीत बसलं नाही तर परिच्छेद तोडायचा.

निबंधाला मात्र विषय देऊ नका, प्रश्न द्या. "मोबाइल : शाप की वरदान" या विषयावर मुलगा सहावीत लिहीत होता तेच आता इंग्रजीत लिहील. "आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात मोबाइल न्यायला परवानगी असावी का?" असं विचारलंत की त्याला बाजू घ्यावी लागते, ग्रंथपालांना भेटावं लागतं, दहा मित्रांना विचारावं लागतं, आणि विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकावं लागतं. निबंधाचा सांगाडा यातून आपसूक तयार होतो : माझं म्हणणं काय, कशावरून, दुसरी बाजू काय म्हणते, तरीही मी असं का म्हणतो.

'एसे' या शब्दाचं मूळ फ्रेंचमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'प्रयत्न' असा होतो. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे निबंध म्हणजे एका बैठकीत, न खोडता, सुवाच्य अक्षरात उतरवायचा असं मनात बसलेलं असतं. माझ्या वर्गात सत्रात दोनच निबंध होतात, पण प्रत्येकाचे तीन खर्डे. पहिला वर्गात, हातानं. दुसरा शेजाऱ्यानं वाचून दोन प्रश्न विचारल्यावर. तिसरा मोठ्यानं वाचून झाल्यावर. मोठ्यानं वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीची खूण करायची, तेवढंच. तिसऱ्या खर्ड्यालाच अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क, आणि पहिले दोन सोबत जोडले नसतील तर तिसराही घेत नाही.

स्पर्धा परीक्षेवाली मुलं विचारतील, "याचा उपयोग काय?" त्यांना सांगा : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर असतो, त्यात निबंध आणि सारांशलेखन येतं, आणि त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासून मोजले जात नाहीत. शिवाय २५० गुणांचा वेगळा निबंधाचा पेपर आहे, तो मराठीतही लिहिता येतो. दोन्हीकडे मुद्दा मांडायची हीच सवय लागते.

बातमी : 'शुभहस्ते' काढून टाका

माध्यमलेखनाची सुरुवात कॉलेजमधल्याच कार्यक्रमापासून करा. वृक्षारोपण झालं की मुलांना बातमी लिहायला सांगा. ऐंशीतली सत्तर अशी येतील : "ट्री प्लांटेशन प्रोग्रॅम वॉज ऑर्गनाइज्ड इन अवर कॉलेज. इट वॉज इनॉगरेटेड ॲट द ऑस्पिशस हँड्स ऑफ..." पुढे पाहुण्यांची नावं, अध्यक्ष, सूत्रसंचालन, आभार, राष्ट्रगीत. 'यांच्या शुभहस्ते' हा शब्दप्रयोग मराठी प्रेस नोटमधून थेट इंग्रजीत येऊन बसला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला तो समजत नाही.

मग फळ्यावर सहा प्रश्न लिहा : कोणी, काय, कुठे, कधी, का, कसं. आणि विचारा, झाडं कोणी लावली? किती? कुठली? उत्तरं आली की पहिलं वाक्य वर्गातच बनवा : "फिफ्टी स्टुडंट्स प्लांटेड टू हंड्रेड नीम सॅपलिंग्ज बिहाइंड द कॉलेज ग्राउंड ऑन मंडे." कर्ता पुढे, क्रियापद लगेच, आकडा स्पष्ट. पाहुण्यांचं नाव तिसऱ्या परिच्छेदात गेलं तरी चालतं. यालाच बातमीदार उलटा पिरॅमिड म्हणतात : महत्त्वाचं वर, बाकीचं उतरत्या क्रमानं, म्हणजे जागा कमी पडली तर उपसंपादकाला खालून कापता येतं.

यानंतर आणखी एक प्रश्न विचारा, कारण खरी बातमी तिथेच असते : गेल्या वर्षी लावलेली झाडं जगली का? माझ्या वर्गातली तीन मुलं एकदा वही घेऊन खरंच मोजायला गेली. शिपाईकाकांनी त्यांना कुठलं झाड कोणत्या उन्हाळ्यात गेलं ते फिरून दाखवलं. ती बातमी दीडशे शब्दांची होती आणि त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं लेखन होतं.

शीर्षकाला वेगळा तास द्या. इंग्रजी शीर्षकात घडून गेलेली गोष्टही वर्तमानकाळात लिहितात, 'द' आणि 'अ' गाळतात, आणि क्रियापद बहुधा असतंच. रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक मराठी शीर्षक लिहा, मुलांनी त्याचं सहा शब्दांत इंग्रजी करायचं.

भाषांतर, आकडे आणि 'परवा'

तुमच्या मुलांना पुढे नोकरी मिळाली तर ती बरीचशी दोन भाषांमधली असेल : जिल्हा आवृत्ती, वेब पोर्टल, एखाद्या संस्थेचं प्रसिद्धीचं काम. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत बातमी करणं हा माझ्या लेखी या विषयाचा गाभा आहे, अभ्यासक्रमात त्याला एकच ओळ असली तरी. केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, आपल्या अनेक प्रेस नोट मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे देतं. त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचायला द्या. कुठलं वाक्य दुसऱ्या भाषेत तोडलं, कुठलं जोडलं, हे मुलं स्वतः शोधतात.

आकड्यांचा सराव नक्की घ्या. पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००. शहरात वाढलेली मुलं त्याचे २,७५,००० करतात. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे सगळे एकदा फळ्यावर अंकांत लिहून घ्या. दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हेही पाठ हवं, कारण देशी इंग्रजी वृत्तपत्रं लाख-कोटी लिहितात आणि परदेशी वृत्तसंस्था मिलियन. 'परवा' हा शब्द तर मागच्या दिवसालाही लागतो आणि पुढच्याही. बातमीत तिथे वार आणि तारीखच घालायची. 'काका' आणि 'मामा' दोघांनाही 'अंकल' करून मोकळं होऊ नये, वारसाहक्काच्या बातमीत त्यानं अर्थच फिरतो.

दोन भाषांची ही कसरत आपल्याकडे नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढलं, तेव्हा पानावर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर असे. जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवतही होते. १८८१ मध्ये टिळक-आगरकरांच्या मंडळीनं मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा' अशी जोडपत्रंच काढली. वर्गात हे सांगितलं की मुलांच्या मनातली एक गाठ सुटते : मराठी येतं म्हणून इंग्रजी कच्चं, असं काही नसतं.

कायदा : एक तास, पण चुकवू नका

मुलं आता वर्गाबाहेरही लिहितात, मोबाइलवर, हजारो लोकांपुढे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अल्पवयीन पीडित असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ लागतं, आणि त्यात नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, कुटुंब, सगळंच येतं. बदनामीचं कलम न्याय संहितेतलंच, ३५६. गावाचं नाव आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी लहान गावात ओळख पटते, हे उदाहरणानं समजावून सांगा. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' यांतला फरक मराठीत पक्का झाला की इंग्रजीत आपोआप येतो.

वह्या आणि यंत्र

आता हिशेब. ऐंशी वह्या, एकेकीला आठ मिनिटं, म्हणजे दहा तास चाळीस मिनिटं. हे दर आठवड्याला कोणाच्यानंही होत नाही, आणि मानधन तासाचं असताना तर नाहीच. मी आठवड्याला सोळा वह्या नीट पाहते, पाच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. बाकीच्या वह्या मुलाचा वर्गातला जोडीदार पाहतो. चूक दुरुस्त करून देत नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फुली मारते, चूक मुलानं शोधायची. शेवटी एक ओळ त्याच्या मजकुराविषयी लिहिते : "ट्रॅक्टर किती वाजता घरी आला?" अशी. या एका ओळीसाठी मुलं वही उघडून पाहतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या वर्षापासून गुळगुळीत निबंध येऊ लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, साम्याची टक्केवारी काढणारी सॉफ्टवेअरही आहेत, पण यंत्रानं नव्यानं जुळवलेला मजकूर त्यात सापडेलच असं नाही. मुलावर नुसत्या संशयानं आळ घेऊ नका, तो पुन्हा कधी मनापासून लिहिणार नाही. पहिला खर्डा वर्गात हातानं घ्या, टिपणांचं पान जोडायला सांगा, आणि शंका आली तर पाच मिनिटं समोर बसवून विचारा, "हे कोणी सांगितलं? तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?" ज्यानं पाहिलंय तो मोडक्या इंग्रजीतही सांगतो.

भित्तिपत्रक

लिहिलेलं कोणीतरी वाचलं पाहिजे. कॉलेजच्या वार्षिक अंकाची वाट पाहत बसलात तर वर्ष संपेल. जिन्याशेजारी एक बोर्ड मागून घ्या आणि महिन्याला एक भित्तिपत्रक लावा, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. पहिला अंक पत्रकार दिनाला, ६ जानेवारीला, लावायची आमच्याकडे रीत आहे. पण तुमच्या सत्रात जमेल तेव्हा लावा. चार मुलं संपादक, दर महिन्याला बदलायची. कमाल दोनशे शब्द. लिहिणाऱ्याचं नाव खाली ठळक.

गेल्या वर्षी कांदा बाजाराच्या बातमीत एका मुलीनं किमान भावाच्या जागी सरासरी भाव लिहिला. बोर्ड लावल्यावर तासाभरात एका विद्यार्थ्याचे वडील फी भरायला आले होते, त्यांनी तो वाचून ऑफिसात सांगितलं. मुलगी रडकुंडीला आली, कागद काढून टाकू का विचारू लागली. आम्ही कागद तसाच ठेवला. तिनं त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, दोन्ही भाषांत दुरुस्ती लिहिली, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार समितीत जाऊन किमान, कमाल आणि सरासरी यांतला फरक तिथल्या मापाऱ्याकडून समजून घेऊन आली.